शनिवार-रविवारचा गणितवर्ग आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



 आजचा दिवस आनंदाचा आहे. सकाळी वधूवर-परिचय झाला, नुकताच दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला, आणि थोड्याच वेळात भोजनाची हाक येईल. अशा प्रसंगी एका निवृत्त शाळामास्तराने उभे राहून गणितावर बोलावे, हे कित्येकांना घासात खडा लागल्यासारखे वाटेल. तथापि मी फार वेळ घेणार नाही. गणिताच्या माणसाने निदान घड्याळाशी तरी प्रामाणिक राहावे, एवढे मला समजते.

मला बोलावयाचे आहे ते आपल्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी भरणाऱ्या गणिताच्या वर्गाविषयी. आठवी ते दहावीची मुले तेथे येतात. शुल्क नाही. शिकविणाऱ्यांना वेतन नाही. माझ्यासारखा एक निवृत्त मास्तर, वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणारे एक अभियंते, बँकेतून निवृत्त झालेल्या एक भगिनी आणि महाविद्यालयात शिकणारे दोन तरुण, एवढाच आमचा परिवार. हा वर्ग गेली चार वर्षे चालला आहे. तो पाचव्या वर्षी चालेल की नाही, हे आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत ठरावयाचे आहे; कारण वरचे सभागृह शनिवार-रविवारी समारंभांसाठी भाड्याने द्यावे, असा ठराव सभेपुढे आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. छताची गळती, विजेचे बिल, वसतिगृहातील मुलांच्या भोजनाचा खर्च, हे हिशेब मीही पाहिले आहेत. पण हिशेब पाहताना एक रकम राहून गेली आहे असे मला वाटते, आणि ती दाखवून देण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम आपणांस थोडे दूर नेतो. फार दूर नव्हे. येथून कन्नडमार्गे घाट उतरून चाळीसगावकडे गेले, की गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे ठिकाण लागते. पाटणादेवीच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेक कुटुंबे जातात. पोरेबाळे धबधबा पाहतात, आपण नारळ फोडतो आणि परत येतो. या पाटणच्या एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांचे लक्ष वेधले. लेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. अभ्यासक त्याचे वर्ष १२०७ असे धरतात. त्या वेळी आपल्या शेजारच्या देवगिरीवर यादवांचे राज्य होते. राजा सिंघण याच्या दरबारी चांगदेव नावाचा मुख्य ज्योतिषी होता. (ज्ञानेश्वरांच्या भेटीस आलेले योगी चांगदेव ते निराळे.) या चांगदेवाने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन पुढे चालावे म्हणून पाटणला एक मठ स्थापन केला, असे तो लेख सांगतो. हे आजोबा कोण? शके १०३६ मध्ये जन्मलेले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणारे भास्कराचार्य. ज्यातील ‘लीलावती’चे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे, ते हेच.

आता माझ्या विषयाशी ज्याचा संबंध आहे तो भाग सांगतो. निकुंभ वंशातील सोइदेव या सामंताने त्या मठाला देणगी दिली, हे लेखात आहे. राजे आणि सामंत दाने देतच असत. त्यात नवल नाही. पण लेखाच्या शेवटच्या ओळी संस्कृत सोडून मराठीकडे वळतात. तेथे गावच्या बाजारपेठेकडून मठाला काय मिळावयाचे, याच्या नोंदी आहेत. खरेदी-विक्रीतील लहानसा हिस्सा मठाचा. आणि गावात जितके घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल मठाचे. बंधुभगिनींनो, हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो. भास्कराचार्यांचे गणित शिकविण्यासाठी दिवा लागत होता, आणि त्या दिव्याचे तेल घाण्यावर राबणाऱ्या माणसाकडून पळी-पळीने येत होते! गणिताला प्रतिभा लागते असे आपण म्हणतो. प्रतिभा लागतेच, परंतु ती तेवत ठेवावयाला तेल लागते, आणि ते दरवर्षी, न चुकता लागते, हे पाटणच्या बाजारपेठेला आठशे वर्षांपूर्वी कळले होते.

कोणी म्हणेल, मास्तर, मुलांना गणित शिकविण्यासाठी शाळा आहेत. शाळा पुरी पडत नसेल तर शहरात खासगी शिकवण्या गल्लोगल्ली आहेत. मग तुमच्या वर्गाचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. शाळेत मी स्वतः पस्तीस वर्षे शिकविले, तेव्हा शाळेची निंदा माझ्या तोंडून होणार नाही. पण एका वर्गात साठ मुले, चाळीस मिनिटांचा तास आणि संपवावयाचा अभ्यासक्रम, या तिहींच्या कात्रीत शिक्षक सापडला, की मुलाने विचारलेला ‘का?’ हा प्रश्न त्याला नकोसा होतो. शिकवणीचे म्हणाल, तर तेथे पालकांनी पैसा मोजलेला असतो तो गुणांसाठी. सूत्र पाठ करा, नमुना ओळखा, उत्तर लिहा. पी हळद आणि हो गोरी! मुलाला शेकडा पंच्याण्णव गुण मिळतात. मग पुढे अकरावीत गणित त्याच्या हातून निसटते, आणि घरातील कोणालाच समजत नाही की हा हुशार मुलगा एकाएकी मंद कसा झाला. तो मंद झालेला नसतो. त्याने गणित कधी केलेलेच नसते. केवळ उत्तरे केलेली असतात.

आमच्या वर्गात आम्ही उत्तराची घाई करीत नाही. एक प्रश्न घेतो आणि त्याच्यापाशी दोन-दोन आठवडे बसतो. मकबऱ्याच्या जाळ्यांतील नक्षी आपण सर्वांनी पाहिली आहे. एका शनिवारी मुलांना विचारले की, फरशी बसविताना सारख्या चौकोनी, त्रिकोणी, षट्कोनी फरश्या फट न ठेवता बसतात. मग सुसम पंचकोनी फरश्या का बसू नयेत? मुलांनी पुठ्ठे कापले, जुळविले, फट राहिली. पुन्हा कापले, पुन्हा फट. अखेर एकाच्या ध्यानात आले की चूक कात्रीची नव्हे. सुसम पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. तीन मांडले तर ३२४ होतात, चार मांडले तर ४३२. आणि एका बिंदूभोवती हवेत ३६०. ज्या क्षणी मुलाला कळते की ही गोष्ट आपल्याला जमत नाही असे नसून ती कोणालाच, कधीच जमणार नाही, आणि का जमणार नाही हे मी सांगू शकतो, त्या क्षणी त्याचा चेहरा मी पाहिला आहे. तो चेहरा गुणपत्रिकेत दिसत नाही.

ही रीत आमची काही नवी शोधलेली नाही. हंगेरी देशात ग्यॉर या गावी डॅनिएल अरानी नावाच्या एका शाळाशिक्षकाने १८९४ मध्ये हायस्कुलातील मुलांसाठी गणिताचे नियतकालिक काढले. त्यात प्रश्न द्यावयाचे, मुलांनी घरी बसून सोडवावयाचे आणि उत्तम रीती छापावयाच्या, एवढाच त्याचा क्रम. त्या लहानशा देशाने पुढे जे गणिती जगाला दिले, त्यांतील अनेकजण शाळकरी वयात या नियतकालिकाचे प्रश्न सोडवीत होते. पॉल एर्डिश हे त्यांपैकीच एक. आपल्याकडे, अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या डॉ. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यास भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले आणि शाळकरी मुलांना ऑलिंपियाडसारख्या परीक्षांची तयारी करविण्याचे कार्यही त्या संस्थेने अंगावर घेतले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारताचा संघ १९८९ पासून जाऊ लागला, आणि १९९६ मध्ये ती स्पर्धा मुंबईसच भरली. आपल्या वर्गातील मुले त्या संघात जातील, असे आश्वासन देऊन मी आपणांस भुलविणार नाही. तसा आमचा उद्देशही नाही. पण पुण्या-मुंबईच्या मुलाला जो प्रश्न भेटतो, तो आपल्या मराठवाड्यातील मुलाला निदान भेटावा तरी, एवढी अपेक्षा अवास्तव आहे काय?

मराठवाड्याचे नाव घेतले म्हणून सांगतो. आपल्यापैकी वृद्ध मंडळींनी आपल्या वडिलांकडून ऐकले असेल की, १९४८ पूर्वी निजामाच्या राज्यात हायस्कुलाचे शिक्षण उर्दूतून होते. घरी आईच्या तोंडून पावकी, निमकी, औटकी मराठीतून यावयाची आणि शाळेत तेच गणित परक्या शब्दांत भेटावयाचे. आपले विद्यापीठ झाले ते १९५८ मध्ये. शाळा दूर, महाविद्यालये थोडी, पुस्तके त्याहून थोडी, अशा त्या दिवसांत आपल्या पूर्वजांनी एकेक रुपया, एकेक पायली ज्वारी गोळा करून हे वसतिगृह उभे केले, ते कशासाठी? खेड्यातून येणाऱ्या मुलाला शहरात डोके टेकावयाला जागा मिळावी आणि त्याने शिकावे, यासाठी. सभागृह ही त्या कार्याची सोय होती, त्याचे उत्पन्न नव्हे.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

पहिल्या वर्षी वर्ग केवळ रविवारी सकाळी भरत असे. त्यात नववीतील एक मुलगा होता. त्याचे नाव मी घेणार नाही. हुशार, पण फार अबोल. तो एक रविवार येई आणि दोन रविवार न येई. त्या काळी आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येई, आणि पाण्याच्या दिवशी मुले घरी अडकत हे मला ठाऊक होते. पण याचे गैरहजर राहणे पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळेना. एके दिवशी, शाळेतील पस्तीस वर्षांची सवय, मी सर्वांदेखत त्याला म्हणालो, “तुला यावयाचे नसेल तर दुसऱ्याची जागा अडवू नकोस.” तो काही बोलला नाही. वही पिशवीत घातली आणि निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतरही आला नाही.

दोन महिन्यांनी मी आठवडी बाजारात भाजी घेत होतो. एका ढिगामागे हा मुलगा बसलेला. समोर एक आजीबाई. अडतीस रुपये किलोचे टोमॅटो, वजन भरले पावणेदोन किलो. मी मनात गुणाकार मांडीतो आहे तोच तो म्हणाला, “आजी, दोन किलोचे शहात्तर, त्यातून पावचे साडेनऊ गेले, साडेसहासष्ट झाले. सहासष्ट द्या.” बंधुभगिनींनो, गणित शिकविण्यात जन्म घालविलेला मी, पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. चौकशी केली तेव्हा कळले की वडील आजारी होते आणि रविवारचा बाजार त्याच्यावाचून कोण करणार? त्याने मला हे सांगितले नव्हते. आणि मी विचारले नव्हते. मुलाला ‘का?’ विचारावयास शिकविणाऱ्या मास्तराला स्वतःला ‘का?’ विचारावयाचे सुचले नाही!

मी त्याची क्षमा मागितली. त्याच महिन्यापासून आम्ही मुख्य वर्ग शनिवारी दुपारी घेऊ लागलो आणि रविवारी तोच प्रश्न पुन्हा, राहिलेल्यांसाठी. आमचा एक वार वाढला तो या मुलामुळे. तो परत आला.

या वर्षीची गोष्ट. आम्ही मुलांना कापरेकरांची कथा सांगितली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. पण संख्यांशी खेळण्याचा नाद असा की १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कार्यावर लिहिले. त्यांचा खेळ आपणही घरी करून पाहावा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि येणाऱ्या संख्येला पुन्हा तेच करा. आम्ही पाटणच्या लेखाचे वर्ष घेतले, १२०७. तेव्हा ७२१० उणे ०१२७ म्हणजे ७०८३. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहणार. कोठूनही निघालात तरी सात पायऱ्यांच्या आत याच मुक्कामी पोहोचता.

मुलांनी टाळ्या पिटल्या. तेव्हा आपल्याच ज्ञातीतील आठवीची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, तीन अंकांचं पण असंच होतं का? आणि दोन अंकांचं?” आम्ही म्हणालो, करून पाहा. पुढच्या शनिवारी ती सांगत आली की तीन अंकांना ४९५ हा मुक्काम आहे, पण दोन अंकांना मुक्कामच नाही. संख्या नुसत्या फिरत राहतात: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. तिने सगळ्या संख्या करून पाहिल्या होत्या. वही भरली होती. मात्र या सर्व संख्या नवाच्याच पाढ्यातील का, हे तिला सांगता येईना. बीजगणिताने ते दोन ओळींत होते. माझ्या हातात खडू होता. पण मागच्या बाकावरून तो बाजारवाला मुलगा म्हणाला, “बावन्न म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे. उलटे केले की दोन नोटा, पाच सुटे. तीन नोटा गेल्या, तीन सुटे आले. एका नोटेमागे नऊचा तोटा. म्हणून नऊच येणार.” मी खडू खाली ठेवला. यापेक्षा स्वच्छ सिद्धता मला पस्तीस वर्षांत मुलांपुढे मांडता आली नव्हती.

येथे मी त्या प्रश्नाशी येतो, जो कोणी व्यासपीठावरून विचारीत नाही परंतु जिन्यात सर्वजण विचारतात. हा मुलगा आपल्या ज्ञातीचा नाही. वर्गातील निम्मी मुले आपल्या ज्ञातीची नाहीत. वास्तू आपली, वीज आपली, मग मुले दुसऱ्यांची का? मंडळाच्या घटनेत ‘ज्ञातीची उन्नती’ असे शब्द आहेत, ते मला तोंडपाठ आहेत.

याचे उत्तर देताना मला पाटणच्याच लेखाकडे पुन्हा जावे लागते, आणि या वेळी त्याची स्तुती करण्यासाठी नव्हे. त्या घाणेवाल्याने पळीभर तेल दिले. पण त्या काळची समाजरचना ध्यानात घेतली, तर त्याचा मुलगा त्या मठात बसून लीलावती शिकला असेल, असे मानणे कठीण आहे. तेल सर्वांचे होते. दिव्याखाली बसावयाची मुभा सर्वांना नव्हती. मठ आज नाही. त्याची कारणे अनेक असतील, आणि ती सांगण्याइतका मी इतिहासज्ञ नाही. पण ज्या विद्येचा प्रकाश थोड्यांपुरता राहतो, तिची वात राखणारेही थोडेच उरतात, हे समजावयाला इतिहासज्ञ असावे लागत नाही. याच शहरात १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय उघडले, तेव्हा त्यांना या अन्यायाची जाणीव जितकी होती तितकी फार थोड्यांना असेल. त्या शहरात राहून आपण पुन्हा जिन्यावर पहारेकरी बसवावयाचा काय?

आणि उन्नती म्हणाल, तर हिशेबानेच बोलू. आपल्या त्या मुलीची उन्नती कोणी केली? मी नव्हे. तिला कोडे अडले होते, आणि ते सुटले मागच्या बाकावरून. तो मुलगा वर्गात नसता तर तिची वही आकड्यांनी भरलेली, पण अर्थाने रिकामी राहिली असती. मी पुन्हा त्याला घालवून दिला असता, तर नुकसान त्याचे झाले असते. पण तिचेही झाले असते. ही रकम कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. आरंभी जी रकम राहून गेली असे मी म्हणालो, ती हीच.

आता मागणी मांडतो; ती मोठी नाही. स्वयंसेवक वेतन घेत नाहीत, याचा अर्थ वर्ग फुकट चालतो असा होत नाही. खडू, कागद, पंखे, पाणी, मुलांना मूठभर चिवडा, हा खर्च आजवर आम्ही पाचजणांनी आपापसांत भागविला. त्याची तक्रार नाही. परंतु पाच माणसांच्या खिशावर आणि पाच माणसांच्या प्रकृतीवर उभे असलेले कार्य टिकाऊ नसते. अभियंत्यांची बदली झाली, तरुणांना पुण्यास नोकरी लागली, माझे गुडघे जिना चढेनासे झाले, की वर्ग संपला. तसे होऊ नये म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, वरचे सभागृह शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्गासाठी राहील, असे मंडळाने पुढील तीन वर्षांपुरते लेखी ठरवावे. इतर वेळी ते अवश्य भाड्याने द्यावे. रविवारी दुपारनंतर कोणाचे साखरपुडे व्हावयाचे असतील तर मुलेच खुर्च्या मांडून देतील. दुसरी, गुणवंतांच्या सत्कारात आपण ज्या शाली आणि स्मृतिचिन्हे देतो, त्यांच्या जागी एखादे वर्ष पुस्तके घ्यावीत आणि ती वर्गाच्या कपाटात ठेवावीत. शाल एका खांद्यावर राहते; पुस्तक अनेक हातांतून फिरते. तिसरी, शहराबाहेरच्या वस्त्यांतून येणाऱ्या मुलींच्या बसभाड्याची सोय व्हावी. मुलगी नववीत गेली की ‘इतक्या दूर कशाला?’ हा प्रश्न घरातून येतो, आणि पुष्कळदा त्या प्रश्नाच्या मुळाशी तिकिटाचे पैसे असतात. चौथी विनंती सर्वांत अवघड. मला माणसे हवीत. आपल्या ज्ञातीत अभियंते आहेत, लेखापाल आहेत, प्राध्यापक आहेत, कारखान्यात मोजमाप करणारे कुशल कारागीर आहेत. महिन्यातून एक शनिवार द्या. गणित विसरलो म्हणून संकोच करू नका. मुलाबरोबर बसून ‘मलाही येत नाही, चल पाहू’ असे म्हणणारा मोठा माणूस त्याला आजवर भेटलेलाच नसतो.

या वर्गाला कोणाचे नाव द्यावे, भिंतीवर संगमरवरी पाटी लावावी, अशीही एक सूचना माझ्या कानावर आली आहे. सूचना करणाऱ्यांचा मी आभारी आहे. पण पाटी नको. पाटणच्या शिळेवर राजांची नावे आहेत, सामंतांची आहेत, पंडितांची आहेत. तेल देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही. केवळ घाण्यामागे एक पळी, एवढेच आहे. तरीही त्या साऱ्या लेखातून मला कोणाच्या पंक्तीत बसावयाला आवडेल असे विचाराल, तर ती पंक्ती त्यांचीच.

आज दुपारी सभेत ठराव येईल तेव्हा प्रत्येकाने आपल्या मताप्रमाणे हात वर करावा. माझी प्रार्थना इतकीच की, हात वर करण्यापूर्वी एकदा जिना चढून वर जावे. शनिवारचा फळा अजून पुसलेला नाही. त्यावर त्या मुलीच्या हाताने पाच संख्या गोल मांडलेल्या आहेत, आणि खाली एक प्रश्न लिहिला आहे: पाच अंकी संख्यांचे काय होत असेल? उत्तर त्यांनी अद्याप शोधलेले नाही. त्यांना पुढच्या शनिवारी ते शोधावयाचे आहे.